परदेशी पलटणीत भरती झालेल्या पूर्वजाचा माग कसा काढावा

इंग्लंडमधील जुन्या वस्तूंच्या एका दुकानात २००७ साली पहिल्या महायुद्धातील एक विजयपदक सापडले. ब्रिटिश साम्राज्यातील सैनिकांना दिल्या गेलेल्या या पदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण उमटवलेली असे. या पदकाच्या कडेवर ‘सिंग’ हे नाव होते आणि पलटण मात्र कॅनडाची होती. तेवढ्या एका ओळीवरून बकम सिंग या शिपायाची सर्व्हिस फाइल, त्यांच्या जखमांच्या नोंदी आणि अखेरीस ऑन्टॅरिओ प्रांतातील किचनर शहराच्या माउंट होप दफनभूमीतील त्यांची कबर असा माग निघत गेला. पंजाबातील माहिलपूरला १८९३ मध्ये जन्मलेले बकम सिंग १९०७ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात पोहोचले, १९१५ मध्ये ऑन्टॅरिओत भरती झाले, १९१६ मध्ये फ्लँडर्सच्या आघाडीवर दोनदा जखमी झाले आणि ऑगस्ट १९१९ मध्ये क्षयाने वारले. त्या युद्धात कॅनडाच्या सैन्यात दहाच्या आसपासच शीख शिपाई होते असे आज दिसते, आणि त्यांच्यातील एकाचे आयुष्य अशा रीतीने जुळवता आले, म्हणून हे उदाहरण मार्गदर्शनासाठी सोयीचे आहे.

पोटापाण्यासाठी देश सोडणाऱ्या आणि परक्या देशाचा गणवेश चढवणाऱ्या माणसाची कागदपत्रे दोन प्रकारची असतात. बंदरावरच्या कारकुनाला हा माणूस देशात घ्यावा की परत पाठवावा एवढेच ठरवायचे असते, तर सैन्याच्या कारकुनाला त्याची छाती किती, पगार कोणाला पाठवायचा आणि तो मेला तर कोणाला कळवायचे हे हवे असते. एकाच माणसाचे वय, नाव आणि गाव या दोन ठिकाणी वेगवेगळे आढळले तर कोणीतरी खोटे बोलले असे लगेच मानू नये. प्रत्येक कागद हाती येताच तो कोणी भरला, कोणाच्या तोंडून ऐकून भरला आणि कशासाठी भरला, हे तीन प्रश्न आधी विचारावेत, आणि त्यांची उत्तरे माहितीबरोबरच वहीत लिहून ठेवावीत.

शोधाची सुरुवात शेवटापासून करावी. मृत्यूचा दाखला, कबरीवरचा दगड, पदक, पेन्शनचा कागद, गणवेशातील एखादे छायाचित्र यांपैकी जे घरात असेल ते प्रथम बारकाईने पाहावे, कारण त्यावर बहुधा सैनिकाचा क्रमांक असतो आणि क्रमांकाइतकी भरवशाची दुसरी खूण नाही. कॅनडाच्या सैन्यात हे क्रमांक पलटणींना गटागटाने वाटून दिलेले होते, त्यामुळे नुसत्या क्रमांकावरून माणूस प्रथम कोणत्या पलटणीत भरती झाला हे कळू शकते. नावावर विसंबून शोधणाऱ्याची मात्र फसगत होते. ‘सिंग’ या नावाचे स्पेलिंग इंग्रजी कारकुनांनी तीन-चार तऱ्हांनी केलेले आढळते, मूळ नाव ऐकू येईल तसे लिहिलेले असते, आणि गावावरून किंवा गोत्रावरून पडलेले आडनाव तर बहुतेक वेळा गळलेलेच असते. मराठी नावांचीही परदेशी कागदांत अशीच गत होते: वडिलांचे नाव आडनावाच्या जागी बसते आणि आडनाव कोठेतरी अडगळीत जाते.

कॅनडाच्या पहिल्या महायुद्धातील सैन्याच्या सहा लाखांहून अधिक सर्व्हिस फाइली लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडा या संस्थेने २०१८ पर्यंत स्कॅन करून संकेतस्थळावर विनामूल्य खुल्या केल्या आहेत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारानेही त्या युद्धातील आपल्या सैन्याच्या फाइली अशाच खुल्या केलेल्या आहेत. या फाइलीचे पहिले पान म्हणजे भरतीपत्र. त्यावर जन्मस्थान, जन्मतारीख, धंदा, विवाह झाला आहे की नाही, यापूर्वी कोणत्या सैन्यात नोकरी केली आहे का, आणि जवळच्या नातलगाचे नाव व पत्ता असे प्रश्न छापलेले असतात; मागच्या पानावर उंची, छाती, डोळ्यांचा व केसांचा रंग, अंगावरच्या खुणा आणि धर्म यांच्या नोंदी असतात. धर्माच्या रकान्यात ख्रिस्ती पंथांची यादी होती, ज्यू होते, आणि उरलेल्या सगळ्या जगासाठी ‘इतर’ अशी एकच ओळ होती. त्यामुळे शीख, हिंदू किंवा मुसलमान शिपायाच्या धर्माविषयी या रकान्यावरून निष्कर्ष काढू नये. जन्मतारखेबाबतही तेच म्हणावे लागेल, कारण त्या काळी खेड्यात वाढलेल्या माणसाला इंग्रजी तारीख सांगता येत नसे आणि कारकुनाला रकाना रिकामा ठेवता येत नसे.

पूर्वीच्या नोकरीचा प्रश्न सहज ओलांडला जातो, पण तो महत्त्वाचा आहे. कॅनडा आणि अमेरिकेत गेलेल्या पहिल्या पंजाबी मजुरांपैकी अनेक जण ब्रिटिश हिंदी फौजेतून निवृत्त झालेले होते. तसे उत्तर आढळल्यास शोधाची दुसरी वाट हिंदुस्थानी पलटणींकडे फुटते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. लाहोरच्या संग्रहालयातील नोंदवह्यांत पंजाबच्या सुमारे ३,२०,००० सैनिकांच्या नोंदी आहेत; त्यांवरून केलेली यादी २०२१ पासून संगणकावर येऊ लागली, आणि तीत नाव न मिळाल्यामुळे निराश झालेली कुटुंबे असतात. ही यादी पंजाबातून त्या महायुद्धात गेलेल्यांची आहे. जो परदेशात राहून तिकडच्याच सैन्यात शिरला त्याचे नाव तीत नसणे हेच अपेक्षित आहे.

माझ्या मते संपूर्ण फाइलीत सर्वांत बोलका भाग पगाराचा असतो, आणि नवखा वाचक नेमका तोच भाग चाळून सोडून देतो. कॅनडाच्या साध्या शिपायाला दिवसाला १ डॉलर पगार आणि १० सेंट भत्ता मिळे, आणि त्यातील ठरावीक रक्कम तो कोणाच्या तरी नावे परस्पर वळती करू शके. भरतीपत्रावर ‘नातलग: भाऊ, पंजाब’ एवढेच लिहिणारा माणूस पैसे मात्र पत्नीला, आईला, किंवा लाकडाच्या गिरणीत सोबत काम करणाऱ्या एखाद्या गाववाल्याला पाठवताना दिसतो, आणि पैसे पोहोचायचे असल्यामुळे तेथे पत्ता नीट लिहावाच लागतो. गाव, पोस्ट, तहसील आणि जिल्हा अशी पूर्ण साखळी मिळण्याची शक्यता याच कागदावर अधिक असते. आपल्याकडे नुसते ‘पिंपळगाव’ म्हटल्यास जसा काही बोध होत नाही, तसेच पंजाबातही एकाच नावाची अनेक गावे आहेत, म्हणून पोस्टाचे नाव मिळाल्याखेरीज गाव निश्चित झाले असे समजू नये. स्पेलिंग अगदीच अगम्य असेल तर तो शब्द त्या भागातील एखाद्या वयस्क माणसाला मोठ्याने वाचून दाखवावा. डोळ्यांना न उलगडणारे गाव कानाला पुष्कळदा उलगडते.

यापुढचा भाग हालचालींच्या तक्त्याचा. त्यात टीओएस आणि एसओएस ही अक्षरे वारंवार येतात. पहिल्याचा अर्थ पलटणीच्या पटावर नाव चढले, दुसऱ्याचा अर्थ पटावरून उतरले. एसओएस ही संकटाची हाक नाही आणि मृत्यूची नोंदही नाही, ती बहुतेक वेळा केवळ बदलीची नोंद असते. बकम सिंग ५९व्या बटालियनमध्ये भरती झाले, पण लढले २०व्या बटालियनमधून. ज्या पलटणीत भरती झाली त्याच पलटणीचा इतिहास वाचून पूर्वजाच्या लढाया ठरवणे ही म्हणूनच नेहमीची चूक आहे. तक्त्यात तारखांचे रकानेही दोन असतात, एक वर्दी मिळाल्याच्या तारखेचा आणि दुसरा प्रत्यक्ष घटनेचा. जखमी झाल्याची वर्दी काही दिवसांनी पोहोचत असल्यामुळे पहिल्या रकान्यातील तारीख धरली तर शिपाई इस्पितळात पडलेला असतानाच त्याला खंदकात लढताना दाखवले जाते.

घटनेची खरी तारीख हाती आली की त्या पलटणीची युद्धदैनंदिनी उघडावी. पलटणीचा एखादा अधिकारी ही रोज लिहीत असे. तीत अधिकाऱ्यांची नावे येतात, साध्या शिपायाचे नाव क्वचितच येते, पण त्या दिवशी पलटण कोठे होती, तोफमारा किती झाला आणि किती माणसे पडली हे तीत मिळते. फाइलीतील एक रुक्ष ओळ आणि दैनंदिनीतील त्या दिवसाचे पान शेजारी ठेवून वाचल्यावर त्या माणसाचा तो दिवस दिसू लागतो. मात्र दैनंदिनीतील प्रत्येक प्रसंगात आपला पूर्वज होताच असे लिहिण्याचा मोह टाळावा. पलटणीतील काही माणसे कायम सामान वाहण्यात, स्वयंपाकात किंवा प्रशिक्षणात गुंतलेली असत.

पूर्वज अमेरिकेच्या सैन्यात गेला असेल तर वाट बरीच बिकट आहे. सेंट लुईस येथील सैनिकी नोंदींच्या केंद्रात १२ जुलै १९७३ रोजी लागलेल्या आगीत १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फाइली नष्ट झाल्या, आणि १९१२ ते १९६० या काळात सेवामुक्त झालेल्या भूदल सैनिकांच्या सुमारे ८० टक्के नोंदी तीत गेल्या. (पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश भूदलाच्या बऱ्याच फाइली अशाच १९४० मध्ये लंडनवरील बॉम्बफेकीत जळाल्या, परंतु पदकांची कार्डे वाचली.) अशा वेळी राज्यांच्या दप्तरांत ठेवलेली सेवाकार्डे, कबरीवरील दगडासाठी केलेले सरकारी अर्ज आणि सक्तीच्या भरतीसाठी १९१७-१८ मध्ये भरून घेतलेली नोंदणीकार्डे यांवर भिस्त ठेवावी लागते. ही नोंदणीकार्डे सुमारे २ कोटी ४० लाख पुरुषांची आहेत, म्हणजे सैन्यात गेलेल्यांपेक्षा कितीतरी अधिक. कार्ड सापडले म्हणजे माणूस शिपाई झाला असे मुळीच नाही. अमेरिकी कागदांत शोधताना ‘हिंदू’ हा शब्दही लक्षात ठेवावा, कारण १९२० आणि १९३० च्या शिरगणतीत शीख आणि मुसलमान धरून सर्व हिंदी माणसांचा वंश तेथे ‘हिंदू’ असाच नोंदवला जाई.

अमेरिकेत सैन्याची फाइल जळाली तरी नागरिकत्वाची फाइल उरलेली असू शकते, कारण ती न्यायालयात असते. मे १९१८ च्या कायद्याने सैन्यातील परदेशी माणसांना नागरिकत्व मिळवणे सोपे केले आणि छावण्यांतूनच हजारो अर्ज भरले गेले. भगतसिंग थिंड यांची हकिकत येथे पाहण्यासारखी आहे. ते १९१३ मध्ये अमेरिकेत आले, ओरेगॉनमध्ये लाकडाच्या गिरण्यांत राबले, १९१८ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील कॅम्प लुईस येथे सैन्यात होते, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नागरिक झाले आणि चारच दिवसांत ते नागरिकत्व रद्द झाले. १९२० मध्ये ओरेगॉनच्या न्यायालयाने त्यांना पुन्हा नागरिक केले, १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते गौरवर्णीय ठरत नाहीत म्हणून विरोधात निकाल दिला, आणि माजी सैनिकांसाठी १९३५ मध्ये झालेल्या कायद्यामुळे १९३६ साली न्यूयॉर्कमध्ये ते तिसऱ्यांदा नागरिक झाले. एकाच माणसाच्या नागरिकत्वाचे कागद अशा रीतीने तीन राज्यांत विखुरलेले आहेत. ज्या राज्यात पूर्वज वारला तेवढ्याच राज्यातील न्यायालयाचे दप्तर पाहून शोध थांबवणाऱ्याच्या हाती यातला एखादाच तुकडा लागेल.

जहाजांच्या याद्या मी मुद्दाम उशिरा सांगतो आहे, कारण बहुतेक लोक तेथूनच सुरुवात करतात आणि सारख्या नावांच्या गर्दीत हरवतात. वय, उंची, अंगावरच्या खुणा आणि गाव हे सैन्याच्या फाइलीतून आधी कळलेले असेल तर यादीतील पाच-सहा सारख्या नावांतून आपला माणूस निवडता येतो. अमेरिकेतील याद्यांवर १९०७ पासून मायदेशातील जवळच्या नातलगाचे नाव आणि पत्ताही विचारला जाऊ लागला. तो भरतीपत्राशी ताडून पाहावा. कॅनडाच्या बाबतीत १९०८ चा नियम ध्यानात ठेवावा. मायदेशातून थेट, वाटेत न उतरता आलेल्यालाच त्यानंतर प्रवेश मिळे, आणि हिंदुस्थानातून तसा प्रवास होतच नसल्यामुळे पुढची आवक जवळजवळ बंद पडली. पूर्वज १९१० मध्ये कॅनडात आला अशी घरची आठवण असेल तर ती तारीख किंवा तो देश यांपैकी काहीतरी चुकलेले असण्याचा संभव मोठा आहे. व्हँकूव्हरचा १९०८ मधील आणि कॅलिफोर्नियातील स्टॉकटनचा १९१२ मधील गुरुद्वारा ही त्या काळच्या वस्तीची ठिकाणे होत, म्हणून पूर्वज त्या भागात राहिला असेल तर तेथील जुन्या मंडळींकडे छायाचित्रांची चौकशी अवश्य करावी.

शेवटी गावाकडचे टोक जुळवावे लागते. मराठी घराण्यांच्या पिढ्या जशा नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत सापडतात, तशा पंजाबी घराण्यांच्या हरिद्वारच्या पंड्यांकडे सापडतात. गाव आणि जात सांगितल्यावर पंडा आपली वही काढतो. याहून पक्का कागद म्हणजे पंजाबातील जमीनमोजणीच्या दप्तरातील शजरा नसब, म्हणजे गावच्या जमीनमालकांची वंशावळ. ती बहुतेक ठिकाणी घसरत्या उर्दू अक्षरात आहे आणि आपल्याकडे मोडी वाचणारा शोधावा लागतो तसा तेथे ते अक्षर लावणारा शोधावा लागतो. माणूस परदेशी गेला तरी त्याचा हिस्सा गावात राही आणि तो वारल्यावर वारसांच्या नावे फेरफार होई, ज्याला तिकडे इंतकाल म्हणतात. परदेशातील मृत्यूची बातमी गावी उशिरा पोहोचे, भाऊबंदांचे एकमत आणखी उशिरा होई, म्हणून मृत्यूच्या वर्षी ही नोंद न मिळाल्यास पुढच्या दहा-पंधरा वर्षांची पानेही उलटून पाहावीत.