मांजरा धरणाचा उपग्रह डेटा कोणत्या फाइलमध्ये ठेवावा आणि कसा पाठवावा

2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तेव्हाचं धरण सेंटिनेल-2 आणि लँडसॅट-8 या उपग्रहांनी टिपून ठेवलंय. तो डेटा आजही कुणालाही मोफत उतरवून घेता येतो. मराठवाड्यात पाण्यावर काम करणारे विद्यार्थी, संस्था आणि पत्रकार तो वापरतातही. पण पुढे बऱ्याचदा त्याचा स्क्रीनशॉट निघतो आणि तोच व्हॉट्सॲपवर फिरत राहतो. चित्रात धरण दिसतं, पण त्यावरून पाण्याखालचं क्षेत्र मोजता येत नाही आणि यंदाच्या पाण्याशी ताडूनही पाहता येत नाही.

प्रत्येक पिक्सेलचा आकडा, त्याची जमिनीवरची जागा आणि त्या आकड्याचा अर्थ या तीन गोष्टी सोबत राहिल्या, तरच तो डेटा दुसऱ्याच्या कामाचा. फाइलचा फॉरमॅट निवडताना एवढंच पाहायचं.

पहिली पायरी: मूळ फाइल तशीच ठेवा

सेंटिनेल-2 चा डेटा 'सेफ' नावाच्या फोल्डरमध्ये येतो. आत प्रत्येक बँडची (म्हणजे प्रकाशाच्या एकेका पट्ट्याची) जेपीईजी-2000 फाइल असते आणि सोबत माहितीच्या एक्सएमएल फाइली. या एक्सएमएल फाइली पुसू नका. 25 जानेवारी 2022 पासून या डेटाची प्रक्रिया बदलली आणि आकड्यांत 1000 ची भर पडू लागली. आधी आकड्याला 10000 ने भागलं की परावर्तन, म्हणजे पडलेल्या प्रकाशातला परत फिरलेला वाटा, मिळायचं, आता आधी 1000 वजा करायचे आणि मग भागायचं. जुना डेटाही नव्या पद्धतीने पुन्हा तयार केला गेलाय, त्यामुळे नुसत्या तारखेवरून अंदाज बांधू नका. आपल्या फाइलला कोणता नियम लागू आहे, ते एक्सएमएलमध्येच लिहिलेलं असतं. ते न पाहता दोन वर्षांची तुलना केली, तर धरणात नसलेला फरक आकड्यांत दिसू लागतो.

दुसरी पायरी: कामापुरता भाग जिओटिफमध्ये कापा

सेंटिनेल-2 ची एक टाइल, म्हणजे चित्राचा एक चौकोनी तुकडा, 10980 × 10980 पिक्सेलची असते. 10 मीटरचा एकच बँड न दाबता ठेवला तर साधारण 241 एमबी होतो. मांजरा धरणासाठी एवढं लागत नाही. क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरच्या रास्टर मेनूत 'क्लिप रास्टर बाय मास्क लेअर' हे साधन आहे. त्याने धरणाचा भाग कापून जिओटिफमध्ये साठवा. जिओटिफ ही टिफ फाइलच, फक्त पिक्सेलची जागा तिच्या आतच नोंदलेली असते. साठवताना चार गोष्टी नीट पाहा.

पहिली, प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याची पद्धत. मराठवाड्याचा बहुतेक भाग यूटीएम या मीटरमधल्या प्रक्षेपणाच्या 43 उत्तर पट्ट्यात येतो, सॉफ्टवेअरमध्ये तो निवडायचा ईपीएसजी क्रमांक 32643. नांदेड जिल्ह्यातला किनवटकडचा भाग मात्र 78 अंश रेखांशाच्या पूर्वेला, म्हणजे 44 व्या पट्ट्यात जातो. मीटरमधलं प्रक्षेपण ठेवलं की मोजणी सोपी होते: 10 मीटरचा एक पिक्सेल म्हणजे 100 चौरस मीटर, आणि आपला गुंठा 101.17 चौरस मीटरचा. पाण्याचे पिक्सेल मोजले की जवळपास तेवढे गुंठे. लँडसॅटचा 30 मीटरचा पिक्सेल जवळपास नऊ गुंठ्यांचा. हीच फाइल अक्षांश-रेखांशाच्या अंशांत ठेवली, तर हा हिशेब असा सरळ होत नाही.

दुसरी, आकड्यांचा प्रकार. मूळ आकडे 16 बिटचे असतात, ते 8 बिटमध्ये उतरवू नका. हजारो छटांच्या जागी 256 उरतात आणि गढूळ पाणी नि ओली माती वेगळी काढणं कठीण होतं.

तिसरी, 'नोडेटा', म्हणजे जिथे माहिती नाही तिथला आकडा. पाण्याचा नकाशा करताना पाणी 1 आणि कोरडी जमीन 0 धरली असेल, तर नोडेटाला 0 देऊ नका, 255 द्या. नाहीतर कोरडी जमीनच नकाशातून गायब होते, आणि दुष्काळाच्या नकाशात तीच तर दाखवायची असते.

चौथी, दाब, म्हणजे फाइल लहान करण्याची पद्धत (कॉम्प्रेशन). डिफ्लेट किंवा एलझेडडब्ल्यू निवडा. यात फाइल लहान होते आणि एकही आकडा बदलत नाही. साध्या जेपीईजी दाबात आकडे बदलतात, म्हणून मोजणीच्या फाइलला तो वापरू नका.

तिसरी पायरी: इंटरनेटवर ठेवायचं असेल तर कॉग

कॉग म्हणजे क्लाउड ऑप्टिमाइज्ड जिओटिफ. फाइल जिओटिफच असते, पण आत चौकोनी तुकडे आणि लहान आकाराच्या प्रती मांडलेल्या असतात. पाहणारा धरणाच्या भिंतीजवळ झूम करतो तेव्हा तेवढेच तुकडे उतरतात, अख्खी फाइल नाही. गावाकडच्या नेटवर हा फरक फार मोठा आहे. 2023 मध्ये ओजीसी या नकाशा-डेटाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने कॉगला अधिकृत मानक केलं, आणि लँडसॅटचा कलेक्शन-2 डेटा मुळातच कॉगमध्ये मिळतो. क्यूजीआयएसच्या 'ट्रान्सलेट' साधनात जादा पर्यायांच्या रकान्यात कॉग हा फॉरमॅट देता येतो. पाण्याच्या 0-1 नकाशासाठी लहान प्रती बनवण्याची पद्धत 'निअरेस्ट' ठेवा, म्हणजे मधलेच नको ते आकडे तयार होत नाहीत.

चौथी पायरी: गावांच्या हद्दी जिओपॅकेजमध्ये

हद्दी, विहिरी, नाले यांसाठी आजही बहुतेकांच्या हाताला शेपफाइलच येते. माझं स्पष्ट मत आहे की मराठीत नावं लिहायची असतील तर ती टाळावी. शेपफाइल म्हणजे एक फाइल नाहीच. एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ आणि पीआरजे अशी टोळीच असते. पाठवताना एखादी राहिली की समोरचा अडतो. त्यात रकान्याच्या नावाला 10 बाइट मिळतात, आणि यूटीएफ-8 या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं. काना-मात्राही त्यात मोजल्या जातात. 'गाव' एवढंच लिहिलं की 9 बाइट संपले. 'तालुका' बसतच नाही.

जिओपॅकेजमध्ये ही अडचण नाही. एकच फाइल, आत अनेक थर, मराठी नावं पूर्ण. वेबसाइटवर थोडे बिंदू दाखवायचे असतील तर जिओजेसन चालतं. त्यात आधी रेखांश आणि मग अक्षांश येतो, हे विसरलात तर लातूरची विहीर थेट आर्क्टिक समुद्रात जाते. गुगल अर्थवर कुणाला दाखवायचं असेल तर केएमएल पुरे.

पाचवी पायरी: पाऊस नेटसीडीएफमध्ये

रोजचा पाऊस म्हणजे जागेसोबत काळही, आणि नेटसीडीएफ हा फॉरमॅट दोन्ही एकाच फाइलमध्ये ठेवतो. भारतीय हवामान विभागाचा 0.25 अंशांच्या चौकटींतला पाऊस नेटसीडीएफमध्ये मिळतो, 1901 पासूनचा. एका वर्षाची एक फाइल, आत तारीख, अक्षांश आणि रेखांश. त्याचे 365 जिओटिफ करत बसू नका. आपल्याकडे यातली एक चौकट सातशे चौरस किलोमीटरहून मोठी असते, त्यामुळे तिच्यावरून एका गावाचा पाऊस सांगू नये. त्या फाइलमध्ये -999 म्हणजे माहिती नाही. तो वगळूनच सरासरी काढा. तारीख वाचतानाही ध्यानात ठेवा की ती नोंद सकाळी साडेआठला संपणाऱ्या 24 तासांची असते. रात्रीचा पाऊस दुसऱ्या दिवसाच्या नावावर पडतो.

पाठवण्याआधी

फाइलच्या नावात जागा, उपग्रह, तारीख आणि काय मोजलंय ते इंग्रजी अक्षरांत, मोकळी जागा न सोडता लिहा. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी ठेवा, म्हणजे फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. सोबत एक साधी टेक्स्ट फाइल जोडा: डेटा कुठून घेतला, कोणती प्रक्रिया केली, 0, 1 आणि 255 म्हणजे काय. व्हॉट्सॲपवरून पाठवायचंच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

मग ती फाइल दुसऱ्याच कॉम्प्युटरवर, रिकाम्या प्रोजेक्टमध्ये उघडा. खाली रस्त्यांचा नकाशा लावून धरणाची भिंत जागेवर बसते का ते पाहा, आणि भर पाण्यातल्या एका पिक्सेलवर क्लिक करून तिथे 1 येतो का, तेही पाहा.