जुन्या वाड्याचं मोजमाप मोबाईलवर घेताय? ॲप निवडताना या चुका टाळा

कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या एका वाड्याचं काम होतं. एका ओळीत तीन खोल्या होत्या, मोबाईलवर अर्ध्या तासात मोजून झाल्या आणि नकाशाही सुबक आला. बाहेरून टेप लावली तेव्हा वाडा नकाशापेक्षा ४ फूट ४ इंच लांब भरला. खोल्या पुन्हा मोजल्या, आतलं प्रत्येक माप बरोबर होतं. शेवटी घोळ सापडला तो भिंतींमध्ये. ॲपने प्रत्येक भिंत ९ इंची धरली होती आणि वाड्याची भिंत होती २२ इंची. एका भिंतीमागे १३ इंच, चार आडव्या भिंतींचे मिळून ५२ इंच.

म्हणून ॲप घेताना मी आता सगळ्यात आधी एकच बघतो: प्रत्येक भिंतीची जाडी वेगळी भरता येते का? अनेक ॲपमध्ये सगळ्या मजल्याला एकच जाडी लागते. फ्लॅटला ते चालतं. आपल्याकडच्या दगडी जोत्याच्या, मातीच्या नाहीतर चुन्याच्या वाड्याला अजिबात चालत नाही. खालची भिंत जाड, वरच्या मजल्यावर तीच बारीक, आणि मध्ये कुणीतरी तीस वर्षांपूर्वी घातलेली साडेचार इंची विटांची आडभिंत. दारं-खिडक्यांच्या चौकटीपाशी भिंतीची जाडी थेट टेपने मोजता येते. ते माप घेतल्याशिवाय खोलीतून बाहेर पडू नका.

दुसरी चूक याच जातीची आहे. नकाशा नीटनेटका दिसावा म्हणून ॲप कोपरे आपोआप ९० अंशांचे करून टाकतं. आमच्या गवंडी मामांनी त्याच वाड्याच्या सोप्यात, म्हणजे दर्शनी खोलीत, पाऊल टाकताच सांगितलं होतं, "सायेब, ही खोली गुण्यात न्हाई." म्हणजे कोपरे काटकोनात नाहीत. मोबाईल मात्र काटकोनच दाखवत होता. मग दोन्ही कर्ण मोजले. १६ बाय १२ ची खोली गुण्यात असेल तर दोन्ही कर्ण २० फूट यायला हवेत. एक आला २० फूट ५ इंच, दुसरा १९ फूट ७. अशा खोलीत काटकोन धरून फरशी मागवली की एका कडेला निमुळते तुकडे बसवत बसावं लागतं. ॲपमध्ये काटकोनाची सक्ती बंद करता येते का आणि कर्णाचं माप घालून खोली तिरकी करता येते का, हे विचारा. दोन्हीला उत्तर 'नाही' असेल तर वाड्यासाठी ते ॲप सोडून द्या, बाकी कितीही चांगलं असलं तरी.

ताराबाई पार्कातल्या उजेडाच्या फ्लॅटमध्ये ॲप वापरून बघायचं आणि काम करायचं गंगावेशीतल्या अंधाऱ्या माजघरात, ही चूक तर सर्रास होते. साधा मोबाईल कॅमेऱ्यातून भिंतीवरच्या खुणा धरतो आणि आपण किती सरकलो याचा हिशेब करत अंतर काढतो. अंधार असला किंवा भिंत कोरी पांढरी चुन्याची असली की धरायला खूणच नसते आणि माप घसरत जातं. आयफोनच्या प्रो मॉडेलमध्ये १२ प्रोपासून, म्हणजे २०२० पासून, लायडार म्हणजे लेझरच्या प्रकाशाने अंतर मोजणारा सेन्सर आहे. तो अंधारातही अंतर घेतो, पण साधारण ५ मीटरपर्यंतच, शिवाय आरसा आणि काचेपुढे तोही फसतो. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये लायडार नसतोच. तेव्हा आधी हातातला फोन बघा, मग ॲप. माजघरात स्टँडवरचा दिवा न्या. हातात टॉर्च घेऊन फिरलात तर सावल्याही फिरतात आणि कॅमेरा आणखी गोंधळतो.

रंगकामाचा किंवा फरशीचा अंदाज काढायला असं स्कॅन पुरतं. तुळई बदलायची असेल, चौकट करायला द्यायची असेल तर ब्लूटूथचा लेझर मीटर लागतो. चांगल्या मीटरची चूक दीड-दोन मिलिमीटरच्या आत राहते. आधी मीटर आणि मग ॲप असं करू नका. कंपन्यांची स्वतःची ॲप बहुधा स्वतःच्याच मीटरशी जुळतात, म्हणून ॲपची यादी बघूनच मीटर घ्या. आणि माप मीटरच्या मागच्या कडेपासून धरलंय की पुढच्या, ते सेटिंग रोज सकाळी बघा. तिथे गफलत झाली तर प्रत्येक मापात त्या यंत्राच्या लांबीइतका फरक पडतो.

फूट-इंचाचं कसं भरायचं, तेही तपासून घ्या. गवंडी "दहा सहा" म्हणतो तेव्हा १० फूट ६ इंच असतात. ॲपमध्ये १०.६ टाकलंत तर ते १० फूट ७ इंचांच्या वर जातं.

नदीकडच्या पेठांत काम असेल तर पातळ्यांचं काय, हेही विचारा. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर घरमालकाचा पहिला प्रश्न असतो, जोतं किती उचलायचं? बहुतेक स्कॅनची ॲप प्रत्येक खोलीची जमीन शून्य धरतात. देवडीतून चौकात दोन पायऱ्या खाली उतरलात, तरी नकाशात सगळं एका पातळीवर दिसतं. गवंड्याची पाण्याची नळी लावून पातळ्या घ्या आणि त्या नकाशावर लिहिता येतील असंच ॲप घ्या.

जाड भिंतींच्या आत रेंज मिळत नाही, त्यामुळे नेटशिवाय न चालणारं ॲप तिथे कामाचं नाही. पैसे भरण्याआधी एका खोलीची डीएक्सएफ फाईल (ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी) काढून तुमच्या ड्राफ्ट्समनला पाठवा. त्याने ती उघडून एक भिंत मोजावी. मीटरमध्ये मापं असलेली फाईल मिलिमीटर समजून उघडली गेल्याचं मी पाहिलंय. काही ॲप पैसे भरल्याशिवाय फक्त चित्र देतात, आणि चित्रावरून त्याला सगळं पुन्हा काढावं लागतं.

अजून एक, घरमालकांसाठी. हा नकाशा दुरुस्तीच्या कामाचा आहे. शेजाऱ्याशी हद्दीचा वाद असेल तर मोजणी भूमी अभिलेख कार्यालयामार्फतच करून घ्यावी लागते.

नवीन ॲप हाती आलं की मी त्याच शुक्रवार पेठेतल्या वाड्यात जातो. मालकीणबाई आता ओळखतात, "सोपा मोजायचाय ना?" म्हणून दार उघडतात. कर्ण २० फूट ५ आणि १९ फूट ७ आले, तरच पैसे भरतो.