आधी हातोडी, मग संगणक

जुन्या रेल्वे पुलावरच्या माझ्या पहिल्याच कामात मी मूळ नकाशातली पत्र्यांची जाडी उचलली, गणित मांडलं आणि पूल तंदुरुस्त असल्याचं लिहून मोकळा झालो. वरिष्ठांनी अहवाल बाजूला सारला आणि जाडी मोजायचं कॅलिपर देऊन मला मचाणावर चढवलं. बेअरिंगजवळ, म्हणजे गर्डर खांबावर टेकतो तिथे, माती आणि ओल साचते. तिथला पत्रा निम्मा उरला होता.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांनी धातूबद्दलही अंदाज बांधू नये. आयफेल टॉवर १८८९ चा, तो घडीव लोखंडाचा. स्कॉटलंडचा फोर्थ पूल १८९० चा, तो पोलादाचा. वर्षावरून काय कळणार? नमुना कापून प्रयोगशाळेत पाठवायचा. घडीव लोखंडात मळीचे (धातू बनवताना आत राहिलेल्या अशुद्ध भागाचे) धागे थरांसारखे पसरलेले असतात, त्यामुळे अल्ट्रासोनिक यंत्र मधल्याच थरावरून परतलेला आवाज धरून चुकीची जाडी दाखवू शकतं. वेल्डिंग केलं तर थर सुटायची भीती. म्हणून खराब रिव्हेट (पत्रे जोडणारे, ठोकून बसवलेले खिळे) काढून तिथे उच्च ताकदीचे बोल्ट आवळतात.

‘आजच्या गाड्या जड, म्हणून मुख्य गर्डर धोक्यात’ असं मलाही वाटायचं. पण लांब गर्डरला अख्खी गाडी म्हणजे ढोबळमानाने ताणाचं एकच मोठं आवर्तन. रुळांखालच्या छोट्या तुळयांना मात्र जवळपास प्रत्येक चाकजोडीचा झटका बसतो. थकव्याच्या, म्हणजे वारंवार ताण बसून पडणाऱ्या, भेगा तिथे आधी शोधा. वाफेच्या इंजिनांच्या असंतुलित चाकांचे घण त्याच तुळयांनी सोसलेले असतात, तोही हिशेब धरायचा.

दगडी कमानींचं दुखणं निराळं. तिथे शत्रू पाणी. कडक सिमेंटने सांधे भरले की ओल आत कोंडते आणि दगडच फुटू लागतो. चुन्याचा गारा शिका, तो महाविद्यालयात फारसा शिकवत नाहीत.

बाकी ब्लॉकचं (कामासाठी गाड्या थांबवण्याचं) वेळापत्रक, रात्रपाळी, जुन्या रंगातलं शिसं (मास्क काढू नका!) हे कामावर अंगवळणी पडतं. रिव्हेट तपासणं मात्र मुद्दाम शिकावं लागतं. डोक्याच्या एका बाजूला बोट टेकवायचं आणि दुसऱ्या बाजूने हातोडी मारायची. ढिला असेल तर बोटाखाली हलतो. मला ते ओळखायला दोन महिने लागले.