कॉलेजला पाठवण्याआधी मुलांना स्वावलंबी करताना या चुका टाळा

वसतिगृहात पहिल्या वर्षाच्या मुलांची व्यवस्था मी बघते. दरवर्षी नवी मुलं येतात, पण अडतात त्याच जागी. हुशारी कमी पडते असं नाही. घरी कुणीतरी करून देत होतं ती कामं एकाच आठवड्यात सगळी अंगावर येतात आणि मूल गोंधळून जातं. आईवडिलांनी हे प्रेमापोटीच केलेलं असतं, पण त्याचा त्रास मुलाला होतो.

सगळे अर्ज आपणच भरणे

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. प्रवेशाचा अर्ज बाबा भरतात, फोटो नि सही आई स्कॅन करते, ईमेल खातं मुलाच्या नावाचं पण पासवर्ड बाबांच्या डायरीत, आणि ओटीपी येतो तोही बाबांच्याच फोनवर. मूल तोवर अभ्यास करत असतं. वेळ वाचला म्हणून सगळे खूश.

एक मुलगा असाच शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन ऑफिसात आला. मुदत त्याच रात्री बाराला संपत होती. अर्ज पूर्ण भरलेला, कागदपत्रं जोडलेली, फक्त सहा आकडी ओटीपी टाकायचा बाकी. वडील विमानात, फोन बंद. स्क्रीनवरचे सेकंद संपायचे, हा पुन्हा ‘नवा ओटीपी पाठवा’ दाबायचा, आणि तो नवा ओटीपीही त्याच बंद फोनवर जायचा. मग नोंदणीतला मोबाइल नंबर बदलायचं ठरलं. त्यासाठी ईमेल उघडायला हवं होतं, आणि पासवर्ड त्याला ठाऊक नव्हता. नवा पासवर्ड मागितला तर त्याचा कोडही वडिलांच्याच नंबरवर. वडिलांचा फोन सुरू झाला तोवर बारा वाजून गेले होते. अर्जातल्या एकाही रकान्यात चूक नव्हती. पोराची शिष्यवृत्ती मात्र गेली.

म्हणून माझ्या भाच्यांचे अर्ज भरायची वेळ आली तेव्हा मी नियम ठरवून टाकला: कीबोर्डला मी हात लावणार नाही. मी शेजारच्या खुर्चीत बसते आणि एवढंच म्हणते, “काय विचारलंय ते मोठ्याने वाच.” फार वेळ जातो. फाइल ठरलेल्या आकारापेक्षा मोठी निघते, पान बंद पडतं, चिडचिड होते. होऊ द्या. फाइल लहान कशी करायची, शेवटच्या दिवशी संकेतस्थळ कसं रखडतं, ‘जमा करा’ दाबल्यावर पोचपावती का जपून ठेवायची, हे सगळं त्या चिडचिडीतच शिकून होतं. ओटीपी येणारा फोन मुलाच्याच खिशात हवा आणि पासवर्ड त्यानेच ठरवलेला हवा. मुदतीच्या तारखाही त्यानेच लिहून ठेवायच्या. तुम्ही जमा करण्याआधी एकदा नजर टाका, तेवढं पुरे.

रोज उठवणे

सकाळी सहाला मला फोन येतात, “मॅडम, जरा त्याला उठवता का? परीक्षा आहे.” मुलगा अठरा वर्षांचा असतो.

हा निव्वळ आळस नव्हे, हे आधी समजून घ्या. किशोरवयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागतं, त्यामुळे दहाला झोप म्हटलं तरी डोळा लागत नाही. या वयात झोप मात्र ८ ते १० तास लागते. म्हणजे सकाळी उठणं त्यांना खरंच जड जातं, आणि म्हणूनच ते आधीपासून शिकावं लागतं. ओरडून उठवल्याने मूल उठतं, पण किती वाजता झोपलं तर सकाळी जमतं याचा हिशोब ते कधीच मांडत नाही.

माझ्या मते बारावीच्या वयात आल्यावर घरच्यांनी उठवणं बंदच करावं. अलार्म खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचा, झोपताना फोन उशाशी नको, सुट्टीच्या दिवशीही दुपारपर्यंत लोळणं नको. नाही उठला तर तास बुडू द्या. “बरं नव्हतं” अशी खोटी चिठ्ठी शिक्षकांना देऊ नका. त्या एका चिठ्ठीने सगळ्यावर पाणी फिरतं.

इथेच पालकांचा धीर सुटतो. “दोन दिवस सोडून बघितलं, नाही जमत त्याला,” असं मला अगदी ठामपणे सांगतात. दोन दिवसांत काय जमणार? इतकी वर्षं दुसऱ्याने उठवलंय. निदान दोन-तीन महिने तरी द्या. कुणी विचारतं, यासाठी एखादं चांगलं ॲप आहे का? ॲप शोधत बसू नका. तुम्ही खोलीत जायचं थांबलात की निम्मं काम झालं.

शेवटच्या महिन्यात सगळं शिकवणे

कपडे धुणं, स्वयंपाक, बँक, प्रवास हे सगळं निघायच्या आधीच्या चार आठवड्यांत कोंबलं तर काहीच अंगवळणी पडत नाही. नववी-दहावीपासून एकेक काम कायमचं सोपवा.

मागेल तेव्हा पैसे देणे

महिन्याचे एकदाच द्या, आणि विसाव्या दिवशी संपले तर लगेच भर घालू नका.

दवाखान्यात मुलाच्या वतीने बोलणे

डॉक्टर विचारतात मुलाला, उत्तर देते आई. पुढच्या वेळी गप्प बसा. कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, आधी कोणते आजार झाले, हे त्याला स्वतःला सांगता आलं पाहिजे. तापाच्या गोळीचंही नीट समजावून द्या. प्रौढांसाठी पॅरासिटामॉलची मर्यादा २४ तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या, आणि दोन डोसमध्ये किमान ४ तासांचं अंतर. वजन कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर मर्यादा याहून खाली येते, ती डॉक्टरांनाच विचारायची. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं. दोन्ही एकदम घेणारी मुलं मी पाहिली आहेत. वेष्टनावरचे घटक वाचायची सवय घरीच लागायला हवी.

प्रत्येक फोनवर तोडगा काढून देणे

“रूममेटशी भांडण झालं,” असा फोन आला की पालक लगेच मला फोन लावतात. आधी पोराला विचारा, “मग तू काय करायचं ठरवलंयस?” आणि उत्तर येईपर्यंत थांबा. बहुतेक वेळा त्याच्याकडे उत्तर असतं.

मात्र मूल जेवत नाही, झोपत नाही, कुणाशी बोलायचं टाळतंय, जगण्यात अर्थ नाही असं काही बोलतंय, तर स्वावलंबनाचा विचार बाजूला ठेवा. फोनवर समजूत घालत बसू नका. वॉर्डनला कळवून त्याला एकटं राहू देऊ नका, मिळेल त्या गाडीने जाऊन भेटा आणि डॉक्टरांकडे घेऊन जा.