किशोरवयीन गर्भधारणा रोखण्यासाठी वस्तीत वर्ग घेताय? या चुका टाळा

मुंबईच्या मानखुर्द, गोवंडी किंवा मालवणीतील एखाद्या वस्तीत किशोरवयीन मुलींचा वर्ग भरवायचा ठरला, की आयोजकांच्या मनात बहुधा शाळकरी वयातील प्रेमप्रकरणे असतात आणि सगळा वर्ग त्याच अंगाने बेतला जातो. सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे, कारण आपल्याकडे विशीच्या आत आई होणाऱ्या बहुतेक मुली विवाहित असतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वयोगटातील ६.८ टक्के मुली आई झालेल्या किंवा पहिल्यांदा गरोदर आढळल्या, तर २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २३.३ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते. हे दोन आकडे शेजारी ठेवले, की मुलींइतकेच त्यांच्या आईवडिलांशीही बोलणे का भाग आहे ते ध्यानात येते.

मुंबईत ही लग्ने अनेकदा वस्तीत होतच नाहीत. वार्षिक परीक्षा आटोपली, की कुटुंब गावी जाते, तेथे सोयरीक जुळते आणि जूनमध्ये शाळेच्या पटावर मुलीचे नाव राहते, मुलगी मात्र परत येत नाही. म्हणून जुलैत वर्ग सुरू करणाऱ्यांनी निदान पालकांची बैठक तरी फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्यावी. त्या बैठकीत २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याबरोबरच आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगावी: पत्नी अठरा वर्षांखालील असेल, तर तिच्याशी ठेवलेला शरीरसंबंध हा बलात्कार ठरतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला आहे. माझ्या अनुभवात दंडाच्या रकमेपेक्षा या एका वाक्याने वडीलमंडळी अधिक अस्वस्थ होतात. अठरा पूर्ण झाल्यावर लग्न झालेल्या मुलींना पहिला पाळणा लांबवण्याची साधने, म्हणजे निरोध, गोळ्या, तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन आणि तांबी, सरकारी दवाखान्यांतून मोफत दिली जातात. परंतु ही माहिती सासूच्या कानावर घातली नाही, तर सुनेला ती असून नसल्यासारखीच.

वर्गाची वेळ आयोजकांच्या सोयीने ठरवणे ही दुसरी चूक. शाळा सुटलेल्या, घरी बसून कपड्यांचे दोरे कापणाऱ्या किंवा मणी ओवणाऱ्या मुलींना धोका अधिक असतो आणि नेमक्या त्याच वर्गात दिसत नाहीत. नळाला पाणी येण्याची वेळ गल्लीगणिक वेगळी असते. ती विचारल्याशिवाय वर्गाची वेळ जाहीर करू नये.

प्रश्नांची पेटी ठेवूनही चिठ्ठ्या येत नाहीत, ही तक्रार नेहमीची आहे. आम्हीही आरंभी पत्र्याचा डबा कोपऱ्यात ठेवला होता आणि पहिल्या दिवशी त्यात केवळ दोन कोऱ्या चिठ्ठ्या निघाल्या. कारण उघड होते: जी उठून डब्याकडे जाईल तिच्याकडे साऱ्या माना वळणार. पुढच्या वेळी आम्ही सगळ्यांना एकाच रंगाची पेन्सिल आणि एकाच मापाचा कागद दिला, प्रश्न नसेल तिने फळ्यावरचे वाक्य उतरवून काढावे असे सांगितले आणि डबा हातोहात फिरवला. त्या दिवशी एका चिठ्ठीवर कोपऱ्यात अगदी बारीक अक्षरांत लिहिले होते, ‘पाळी सुरू व्हायच्या आधी दिवस जाऊ शकतात का?’ उत्तर होकारार्थी आहे, कारण बीज पहिल्या पाळीच्या आधीही सुटू शकते. पण आमच्या तीन महिन्यांच्या आराखड्यात त्याचा उल्लेखही नव्हता. आराखडा आधी आणि चिठ्ठ्या नंतर, हा क्रमच उलटा आहे.

भीती घालून काम होईल ही समजूतही सोडावी. पश्चिम ऑस्ट्रेलियातील ५७ शाळांत मुलींना रडणारी, दूध मागणारी यांत्रिक बाहुली सांभाळायला देऊन मातृत्वाची धास्ती बसवण्याचा प्रयोग झाला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बाहुली सांभाळलेल्या गटातच गर्भधारणा अधिक झाल्या.

‘इथे बोललेले बाहेर जाणार नाही’ हे वाक्य तर कधीच उच्चारू नये. अठरा वर्षांखालील मुलीशी शरीरसंबंध आल्याचे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम १९ नुसार ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि आधी वचन देऊन मग पोलीस बोलावले, तर त्या गल्लीत पुन्हा पाऊल ठेवता येत नाही. म्हणून ही मर्यादा पहिल्याच दिवशी सांगावी. त्याच दमात हेही सांगावे, की अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केल्यास गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. हे ठाऊक नसल्यामुळे घाबरलेली कुटुंबे भोंदू इलाजांकडे वळतात आणि आठवडे वाया जातात.

मुलग्यांना वगळणे ही चूक इतकी ढळढळीत आहे, की तिच्यावर अधिक लिहीत नाही. त्यांचा वर्ग वेगळा, पण त्याच आठवड्यात घ्यावा.

एवढे करूनही मुली दवाखान्यात जात नसतील, तर आरोग्य सेविका कोठे राहते ते पाहावे. बहुतेकदा ती त्याच गल्लीतली, आईच्या ओळखीची, हळदीकुंकवाला घरी येणारी बाई असते आणि तिच्याकडे निरोध मागणे म्हणजे गल्लीभर दवंडी पिटण्यासारखे, असे मुलींना वाटते. शेजारच्या वस्तीतील सेविकेशी वर्गापुरती अदलाबदल करावी आणि दवाखान्याचा वार व वेळ मुलींना तिच्याच तोंडून सांगावी.