सोसायटीत नॉमिनी नोंदवलात, तरी मृत्युपत्र कराच

ठाण्यात किंवा वाशी-नेरुळला फ्लॅट असलेले बरेच जण सोसायटीचा नॉमिनेशन फॉर्म भरून निर्धास्त होतात. पण नॉमिनी घराचा मालक होत नाही. तो वारसांच्या वतीने तात्पुरता सभासद असतो. घर कोणाचं, हे मृत्युपत्राने ठरतं. ते नसेल तर वारसा कायद्याने.

मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. तुम्ही सही करताना दोन साक्षीदार हवेत आणि त्या दोघांनीही तुमच्यासमोर सही करायला हवी. साक्षीदार तुमच्याहून वयाने लहान आणि ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार नाही असे निवडा. लोक समवयस्क मित्रांच्या सह्या घेतात आणि गरज पडते तेव्हा तेच हयात नसतात. वय जास्त असेल तर तुम्ही पूर्ण शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला त्याच दिवशी घ्या.

घर मुलांना द्यायचं असेल, तर पत्नीला तिथे तहहयात राहण्याचा हक्क आहे हे स्पष्ट लिहा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच.

नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधक कार्यालयात करून घ्या. मूळ प्रत कुठे ठेवली आहे, तेही घरात सांगा.