जागेचं व्हॅल्युएशन करताना आधी चतुःसीमा वाचा, रेट नंतर

व्हॅल्युएशन म्हटलं की सगळे पहिल्यांदा रेटच विचारतात, इथे गुंठ्याला काय चाललंय वगैरे, पण त्याआधी आपण नक्की कुठल्या तुकड्याची किंमत काढतोय ते ठरायला हवं ना. आणि ते ठरतं खरेदीखतातल्या मिळकतीच्या वर्णनावरून, त्या पाचसहा ओळी ज्यांच्यावरून बहुतेकांची नजर तशीच पुढे सरकते.

माझ्या सुरुवातीच्या दिवसातलं सांगतो. एका लेआउटमधला प्लॉट बघायला गेलो, मालकाने स्वतः येऊन दाखवला, टेप लावला तर मापंही बरोबर. घरी येऊन खत उघडलं तर त्यात उत्तरेस ९ मीटर रस्ता लिहिलेला आणि मी बघितलेल्या प्लॉटला रस्ता दक्षिणेला! म्हणजे आम्ही समोरच्या रांगेतला प्लॉट मोजून आलो होतो. मालक खोटं बोलत नव्हता, त्यालाच माहीत नव्हतं. तेव्हापासून खत वाचल्याशिवाय साइटवर जायचं नाही असं ठरवलं.

वर्णनाचे साधारण तीन भाग असतात. पहिला पत्ता, म्हणजे जिल्हा, तालुका, मौजे अमुक. दुसरा नंबर आणि क्षेत्र. तिसरा "यासी चतुःसीमा येणेप्रमाणे" म्हणून पूर्वेस, दक्षिणेस, पश्चिमेस, उत्तरेस काय काय आहे ते. ही नुसती लिहिण्याची पद्धत नाही, १९०८ च्या नोंदणी कायद्यातच आहे की मिळकत ओळखता येईल इतकं वर्णन नसेल तर दस्त नोंदवायलाच घ्यायचा नाही, आणि शहरातलं घर असेल तर ते रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहे तेही लिहायचं.

नंबरात खूप गोंधळ असतो. जुन्या खतात सर्व्हे नंबर असतो, एकत्रीकरण योजना (विखुरलेले तुकडे एकत्र करायची सरकारी योजना) झाली असेल तर त्याचा गट नंबर झालेला असतो, गावठाणात किंवा शहरात सिटी सर्व्हे नंबर आणि प्रॉपर्टी कार्ड, टीपी स्कीम म्हणजे नगररचना योजना असेल तर फायनल प्लॉट, म्हणजे योजनेत नव्याने आखून दिलेला, आणि तो मूळ प्लॉटपेक्षा लहान असू शकतो. त्यामुळे जुना नंबर आणि नवा नंबर यांची साखळी फेरफारावरून, म्हणजे तलाठ्याकडच्या बदलांच्या नोंदींवरून, जुळवून घ्यायची, एक जरी कडी सापडली नाही तर पुढे जायचं नाही.

आता सातबारा. लोकांना वाटतं सातबारा आहे म्हणजे हद्द कळली. सातबाऱ्यावर आकार दिसत नाही हो, क्षेत्र आणि नावं दिसतात. आकारासाठी गटाचा नकाशा लागतो, हिस्से पडले असतील तर फाळणी नकाशा, आणि क्षेत्र आकारबंदाशी (गटवार क्षेत्र आणि सारा लिहिलेली सरकारी नोंदवही) जुळतंय का ते बघायचं. महाभूनकाशावर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन नकाशावर, गट दिसतो, पण तो अंदाजापुरता ठीक आहे, त्यावरून बांध ठरवायला जाऊ नका.

मी काय करतो, कोऱ्या कागदावर उत्तर वर धरून चौकोन काढतो आणि खतातल्या चारही बाजू लिहितो. मग शेजारच्याचं खत मिळालं तर बघतो, माझ्या पूर्वेला तो असेल तर त्याच्या पश्चिमेला मी असायला पाहिजे. नसेल तर कुठेतरी चूक आहे. चाळीस वर्षांपूर्वीच्या खतात "पूर्वेस पाटलांचं शेत" असतं आणि आज तिथे पाच बंगले असतात, म्हणून नाव न शोधता ती जमीन शोधायची. ओढा हद्द असेल तर जास्त सावध, ओढा सरकतो. "रस्ता" लिहिलं असेल तर सरकारी की वहिवाटीचा ते विचाराच, किमतीत मोठा फरक पडतो.

नंबर आणि चतुःसीमा जुळत नसतील तर? बिहारच्या एका केसमध्ये प्लॉट १०६० च्या जागी १६० पडला होता, १९६१ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सीमा आणि बाकी वर्णन बरोबर आहे म्हणून नंबरची चूक ही चूकच धरली, मिळकत बदलली नाही. पण हे कोर्टाचं काम, आपण रिपोर्टमध्ये तफावत स्पष्ट लिहायची आणि चूकदुरुस्ती दस्त करा म्हणून सांगायचं.

क्षेत्राची गंमत अशी की गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट, आणि आर म्हणजे १०० चौरस मीटर, सुमारे १०७६ चौरस फूट. सातबाऱ्यावर ०.४० हे.आर., म्हणजे ४० आर, असेल तर लोक सरळ ४० गुंठे म्हणजे एक एकर म्हणतात, पण त्यात जवळजवळ ५०४ चौरस फूट कमी भरतात, चौरस फुटाला १५०० रुपये रेट धरला तर साडेसात लाखाचा फरक! आणि पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारा भाग, बघाच, त्यातला 'ब' म्हणजे नाला, रस्ता असल्या सार्वजनिक कामाचा भाग, त्याला लागवडीच्या जमिनीचा रेट लावणं चूक.

फ्लॅटचं सोपं आहे, तिथे दोन वर्णनं असतात, एक खालच्या जमिनीचं आणि एक फ्लॅटचं, दोन्ही वाचायची आणि क्षेत्र कार्पेट (भिंतींच्या आतलं) की बिल्टअप (भिंतींसकट) ते बघायचं.

शंका राहिलीच तर मालकाला हद्द कायम मोजणीचा अर्ज भूमी अभिलेख ऑफिसला करायला लावा. शेजाऱ्यांना नोटीस जाते, खुणा दाखवतात, आणि मोजणी नकाशाची 'क' प्रत मिळते. त्यावरची मोजणीची तारीख रिपोर्टमध्ये टाका, चारही बाजूंचे फोटो लावा. जागेवर क्षेत्र खतापेक्षा कमी भरलं तर मी कमीवरच किंमत काढतो, जास्त भरलं तरी खतातल्यापुढे जात नाही, कारण जास्तीचं शेजाऱ्याचं किंवा रस्त्याचं असू शकतं.